लॅटेक्स ट्यूब मे महिन्यात आणि पावसाळ्यात कशा सांभाळायच्या?

पैनगंगा

नमस्कार मंडळी. रोड सायकलच्या चार नव्या लॅटेक्स ट्यूब घरात आहेत, ७०० × २५ मापाच्या. आणखी दोन चाकांत बसवलेल्या आहेत. दिवाळीपर्यंत या चारांना हात लागणार नाही, तोवर त्या धडधाकट राहायला हव्यात.

घर दारव्हा तालुक्यात, गावात. पुढच्या दोन खोल्यांवर टिना. मागे जुनं माजघर, मातीच्या हातभर जाड भिंती आणि वर कवेलू. मे महिन्यात टिनाखाली दुपारी ४३-४४ अंश होतात, माजघरात ३४-३५. पावसाळ्यात मात्र माजघर ओल धरतं, चामड्याच्या चपलेवर चार दिवसांत बुरशी येते. म्हणजे जी खोली उन्हाळ्यात चांगली, तीच पावसाळ्यात वाईट.

दोन जुन्या ट्यूबही समोर आहेत. एक घडीवर चिकट झालीय आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी तपकिरी डाग पडलाय. दुसरीवर नुसते पांढुरके चट्टे आहेत. दोन्ही एकाच डब्यात होत्या, मग असं वेगवेगळं का?

विचारायचं ते हे: खरा मार कशाचा, दमटपणाचा की उष्णतेचा? तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्या तर चालेल का? फ्रिजमध्ये? पावडर कोणती लावायची? आणि चाकात बसवलेल्या ट्यूबचं काय करायचं?

चीक_ते_चाक

भाऊ, तुम्हाला धास्ती पावसाची आहे, पण लॅटेक्स खराब होतं ते मे महिन्यात. जुलैत ते फक्त आपल्या नजरेस येतं.

ही ट्यूब म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. त्याच्या लांब साखळीत प्रत्येक कडीला एक दुहेरी बंध असतो आणि हवेतला ऑक्सिजन तिथेच तोंड घालतो. साखळी तुटत गेली की रबर मऊ पडतं, मग चिकट होतं. साध्या काळ्या ब्यूटाइल ट्यूबमध्ये असे बंध असणारा भाग जेमतेम एक-दोन टक्के, म्हणून ती टिनाखालीही वर्षं काढते. शिवाय लॅटेक्स ट्यूबची भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. जाड रबराचा वरचा थर जळाला तरी आतलं शाबूत राहतं, इथे ‘आत’ असं काही उरतच नाही.

उष्णतेचा ढोबळ हिशेब असा धरतात: दर १० अंशांना या झिजेचा वेग दुप्पट. २५ अंशांना एक पट धरला तर ३५ ला दोन आणि ४५ ला चार. त्यामुळे दिवसाची सरासरी काढून उपयोग नाही. टिनाखालचे दुपारचे पाच तास रात्रीच्या दहा तासांपेक्षा जास्त झीज करून जातात. दुपारचा तो चढ कापला, तर निम्म्याहून अधिक काम झालं. उन्हाळ्यात तुमचं माजघर हेच करतंय.

रबरी वस्तूंच्या साठवणीसाठी आयएसओ २२३० नावाचं मानक आहे. त्यात तापमान २५ अंशांच्या आत आणि हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलंय. नैसर्गिक रबराला अशा नीट साठवणीत ५ वर्षं, आणि नंतर तपासून चांगलं निघालं तर आणखी २. ब्यूटाइलला सुरुवातीलाच ७. आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने २५ अंश पाळणं शक्य नाही, म्हणून ती ५ वर्षं आपली नव्हेत. चांगली काळजी घेतली तर दोन हंगाम धरा.

आता तुमच्या दोन जुन्या ट्यूब. चिकटपणा आला तो उष्णतेने आणि ऑक्सिजनने. तपकिरी डाग तांब्याचा आहे. व्हॉल्व्हची दांडी पितळेची, पितळेत तांबं, आणि नैसर्गिक रबराला तांब्याइतकं वैरी दुसरं काही नाही. अगदी सूक्ष्म प्रमाणातसुद्धा ते ऑक्सिजनचं काम झपाट्याने वाढवतं. मॅंगनीज आणि कोबाल्टही त्याच जातीचे. दांडीवरचा निकेलचा मुलामा घासला गेला आणि ती घडीत दाबून राहिली, की पहिला डाग तिथेच पडतो.

पांढुरके चट्टे मात्र निव्वळ पाण्याचे असू शकतात. चिकाबरोबर थोडी प्रथिनं रबरात राहून जातात, ती पाणी धरतात आणि रबर दुधाळ दिसायला लागतं. सावलीत एक दिवस वाळवा. चट्टे गेले तर ट्यूब ठीक. राहिले आणि हिरवट-काळे ठिपके किंवा कुबट वास असेल, तर ती बुरशी.

चौथा एक प्रकार असतो, तो तुमच्याकडे अजून दिसलेला नाही. घडीच्या वळणावर बारीक चिरा, ताणाला आडव्या. त्या ओझोनने पडतात, आणि ओझोन फक्त ताणलेल्या रबराला चिरतो. सैल पडलेल्या रबराला तो चिरा पाडत नाही. म्हणून घडी कशी घालता यावर बरंच अवलंबून आहे.

वर्धाकाठ

वरचं कारण कळलं की बांधणी सोपी आहे. सविस्तर सांगतो.

वापरलेली ट्यूब असेल तर आधी साध्या पाण्यात अंगाच्या साबणाचा थोडा फेस करून पुसून घ्या, स्वच्छ पाण्याने धुवा, सावलीत पंख्याखाली पाच-सहा तास वाळवा. उन्हात नाही, दहा मिनिटंसुद्धा नाही. बुरशी असेल तरी हाच उपाय. ब्लिचिंग पावडर किंवा क्लोरीनचं पाणी लावू नका, क्लोरीन रबर खातं. नव्या ट्यूबना धुण्याची गरज नाही, त्यांना कारखान्यातलीच पावडर असते.

पावडर म्हणजे शुद्ध शंखजिरं. ट्यूब आणि चहाचा एक चमचा पावडर एका पिशवीत घालून हलवा, मग जादाची झटकून टाका. फार घातली तर टायरच्या आत तिचे गोळे होतात आणि तेच ट्यूबला खुपतात. सुगंधी टाल्कम नको, त्यात अत्तराचं तेल असतं. मक्याचं पीठ पाणी धरतं आणि बुरशीला खाणं होतं. रांगोळीत कण असतात, ती तर मुळीच नको.

दांडीवरची गोल चकती काढून ठेवा, टोपी लावा. जुन्या ब्यूटाइल ट्यूबची बोटभर पट्टी कापून दांडीभोवती गुंडाळा म्हणजे पितळ लॅटेक्सला टेकणार नाही. मंडळी हे एक काम हमखास विसरतात, आणि ट्यूब जाते ती बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या बुडाशीच.

हवा पूर्ण काढू नका आणि फुगवूही नका. हातपंपाचे दोन-तीन दट्टे, इतकेच. ट्यूब गोल दिसायला लागली की थांबा, रबर ताणलं जाता कामा नये. मग सैल घडी घाला. वळणावर दोन बोटं सहज मावतील एवढा घेर ठेवा आणि तिथे कोऱ्या कागदाचा बोळा घाला. वर्तमानपत्राचा कागद नको, छपाईच्या शाईत तेल असतं. खोक्यातून येतं ते रबरबँड काढून फेकून द्या, सुतळीनेही बांधू नका. बांधलेल्या जागी ताण राहतो आणि चीर तिथूनच सुरू होते.

एका ट्यूबला एक झिपची पॉलिथिन पिशवी, हवा दाबून काढून. ब्लँकेट किंवा साडी ज्या मऊ, वास येणाऱ्या पारदर्शक पिशवीत येते ती पीव्हीसीची. तिच्यातला मऊपणा आणणारा पदार्थ रबरात उतरतो, ती वापरू नका. सगळ्या पिशव्या काळ्या पिशवीत घाला म्हणजे उजेड बंद, आणि ते सगळं रबरी रिंगण असलेल्या, चारी बाजूंनी कुलपं लागणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात. स्टीलचा डबा चालतो, झाकण घट्ट हवं. तांब्या-पितळेचा जुना डबा कितीही देखणा असला तरी नाही.

पाच लिटरच्या डब्याला २५-३० ग्रॅम सिलिका जेल पुरे, कापडी पुरचुंडीत. पांढरं घ्या. निळं, जे ओल धरल्यावर गुलाबी होतं, त्याचा रंग कोबाल्टचा असतो. वर कोबाल्टचं नाव आलंच आहे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना दीड-दोन तास वाळवा. ओव्हन नसेल तर लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत राहा. पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात परत घाला. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या मिळतात त्या नकोत, त्यांचं पाणी होऊन सांडतं.

तांदूळ नको. ओल फारशी ओढत नाही, वर कोंड्याचं तेल आणि सोंडे.

वरूड_रोड

घडी आणि डबा याबद्दल वर सगळं आलं. आपल्या घरांत डबा कोणत्या खोलीत राहतो, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शेतकऱ्याच्या घरात सामानाची खोली एकच असते आणि ट्यूबचे सगळे दुश्मन तिथेच मांडीला मांडी लावून बसलेले असतात.

संत्र्याच्या पट्ट्यात तर फारच सांभाळा. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूद म्हणजे तांबंच. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर झाडाच्या बुंध्याला जी पेस्ट लावतात ती एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या हिशेबाची. त्याचा वाळलेला निळा कण बोटाला लागला आणि तेच बोट ट्यूबला लागलं, तर दोन महिन्यांनी तिथे चिकट ठिपका दिसेल. बागेतून आल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुवा, मगच डबा उघडा. कॉपर ऑक्सिक्लोराइडचंही तेच.

कपाशीवाल्यांकडे फवारणीची औषधं. बाटलीवर नावापुढे ‘ईसी’ लिहिलेलं असेल तर ते औषध पेट्रोलियमच्या द्रावकात विरघळवलेलं आहे. झाकण बंद असलं तरी खोलीत वास येतो ना? तो वास म्हणजेच द्रावकाची वाफ, आणि ती रबरात मुरते. रॉकेल, पेट्रोलची कॅन, पंपाचं ऑइल, ग्रीस यांचंही तेच. कपड्यांच्या कपाटात ठेवायचं डोक्यात असेल तर आधी डांबरगोळ्या काढा.

ओझोन कुठून येतो हेही लक्षात घ्या. जिथे ठिणगी तिथे ओझोन. वेल्डिंगचं दुकान घराला लागून असेल तर डबा त्या भिंतीकडे नको. मिक्सर, ड्रिल, ग्राइंडर यांच्या मोटरला कार्बनचे ब्रश असतात, ते ठिणग्या टाकतात. कूलरबद्दल लोक उगाच घाबरतात. त्याच्या मोटरला बहुतेक वेळा ब्रश नसतात, त्यामुळे ओझोनचा प्रश्न तिथे नाही. प्रश्न आहे तो ओलाव्याचा, म्हणून डबा कूलरच्या झोताच्या वाटेत नको. इन्व्हर्टरची बॅटरी ज्या कोनाड्यात आहे तिथेही नको, चार्जिंगला आम्लाचे तुषार उडतात.

तुमच्याकडे माजघर आहे तर आतल्या भिंतीलगत, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवा. माळ्यावर कधीच नाही, गरम हवा तिथेच जाऊन बसते. झाकण नीट बंद होणारा डबा असला की पावसाळ्यातही तो तिथून हलवायची गरज नाही. खोली ओली असली तरी डब्याच्या आतली हवा कोरडी राहते.

नवतपा

पण ३४-३५ म्हणजे तरी जास्तच ना? नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तर माजघरही ३७ ला जातं. मग सरळ फ्रिजमध्येच का नको? आणि लॅटेक्सऐवजी टीपीयूच्या (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या) ट्यूब घेतल्या तर ही कटकटच नाही, असं ऐकलं. खरं का?

चीक_ते_चाक

फ्रिज चालतो. भाजीच्या कप्प्यात ८-१० अंश असतात, रबराला ते मानवतं. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नका. फार थंडीत नैसर्गिक रबर गोठल्यासारखं कडक होतं, उणे २५ अंशांच्या आसपास सर्वांत लवकर. ऊब मिळाली की परत मऊ होतं, पण कडक असताना कुणी घडी उलगडली तर तिथेच चिरतं.

फ्रिजमधली खरी चूक बाहेर काढताना होते. पावसाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २५ पेक्षा थंड असलेली प्रत्येक वस्तू बाहेर आली की ओली होणार. म्हणून पिशवी न उघडता तीन-चार तास खोलीत पडू द्या, बाहेरून पूर्ण कोरडी झाली की मग उघडा. दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात फ्रिजच्या आतच दव धरतं. तरी पिशवी दुहेरी आणि पक्की असेल तर ट्यूबला त्याचं काही नाही.

टीपीयू हलकी आहे, हवा धरते, तांब्याची एवढी भीती नाही. पण ती पॉलियुरेथेन आहे, आणि त्याच आयएसओ मानकात पॉलियुरेथेनसाठी आर्द्रतेची मर्यादा आणखी कडक आहे, ६५ टक्के. उष्णता आणि ओल एकत्र आली की काही प्रकारच्या पॉलियुरेथेनची साखळी पाण्यानेच तुटते. रिम ब्रेकची, म्हणजे रिमलाच घासणाऱ्या ब्रेकची, उष्णताही तिला सोसत नाही, मऊ पडते. तेव्हा कटकट संपत नाही, फक्त बदलते. ज्याला खरंच कटकट नको त्याने ब्यूटाइल वापरावी, तिच्यात कमीपणा नाही.

काळी_माती

फ्रिज नसेल, किंवा घरच्यांना भाजीत ट्यूब नको असेल, तर माठाचा उपाय करा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो, आणि कोकणात चालणार नाही.

हिशेब बघा. दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ ते २० टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान २३ ते २५ अंशांपर्यंत उतरतं. माठाच्या आत तेवढं नाही मिळत, दोन-चार अंश वरच राहतं. म्हणजे २६ ते २८. माजघराच्या ३५ पुढे हे जवळपास निम्मी झीज.

मोठी कच्च्या मातीची कुंडी घ्या, आतून-बाहेरून न रंगवलेली. तिच्या बुडाशी चार बोटं धुतलेली बारीक रेती, त्यावर लहान माठ किंवा सरळ भिंतीचं मडकं, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत चार-पाच सेंटिमीटर रेती ठासा. रेतीला सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, वर ओलं बारदान टाका. आतल्या मडक्यात लाकडाची चकती किंवा विटेचा तुकडा, त्यावर ट्यूबचा बंद डबा. मडक्याच्या आत दमट असतं, त्यामुळे डब्याचं रिंगण आणि सिलिका जेल इथे नसलं तर सगळं फुकट. कागदाचा तुकडा आत ठेवून झाकण लावा आणि दोन दिवसांनी बघा, कागद कडक कुरकुरीत राहिला तर डबा पक्का.

जागा वाऱ्याची हवी. ओसरीची सावली, उत्तरेची बाजू. बंद माजघरात ठेवलं तर पाणी उडत नाही आणि थंडही होत नाही. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार महिनाभरात कुंडीच्या बाहेर पांढरा थर करतात, त्याने छिद्रं बुजतात आणि गारवा कमी होतो. दर पंधरा दिवसांनी काथ्याने घासून काढा.

पहिला पाऊस झाला की हे बंद. हवेत ओल आली की कुंडी थंड होत नाही, नुसती ओल धरून बसते. डबा उचलून माजघरातल्या फळीवर. तेव्हा खोलीच २८-३० ला आलेली असते.

मेळघाट_घाट

चाकातल्या ट्यूबचं राहिलं, ते मी लिहितो.

लॅटेक्स रात्रभरात १०-१५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सोडतं, तो दोष नाही, तिचा स्वभाव आहे. म्हणून रोज हवा भरावी लागते. पण सायकल पंधरा दिवस चालणार नसेल तर पूर्ण दाबाने उभी करू नका, कारण फुगलेली ट्यूब म्हणजे ताणलेलं रबर. २०-२५ पीएसआयवर आणा, सायकल टांगून ठेवा, आठवड्याने थोडी हवा भरा. पूर्ण रिकामी करून जमिनीवर उभी केलीत तर रिम आणि टायरच्या कडेत ट्यूब चिमटते आणि घडी पडते.

महिन्याहून अधिक थांबणार असाल तर सरळ काढून घ्या. जूनच्या सुरुवातीला लॅटेक्स काढा, वर्धाकाठ यांनी सांगितलं तशी बांधा, चाकात ब्यूटाइल घाला आणि पावसाळाभर त्यावर चालवा. पावसात आऱ्यांच्या आणि व्हॉल्व्हच्या भोकांतून पाणी टायरच्या आत जातं आणि तिथे ते दिवसेंदिवस वाळत नाही. काळ्या मातीच्या चिखलातून गेलेल्या चाकात तर बारीक रेतीही उतरते आणि ट्यूबला घासते. काढताना कोणती ट्यूब कोणत्या मापाच्या टायरमध्ये होती ते पिशवीवर लिहा. २८ च्या टायरमध्ये पसरलेली लॅटेक्स पुन्हा २३ मध्ये घातली तर तिला सुरकुती पडते, आणि सुरकुतीवर ती फाटते.

परत बसवण्याआधी रिम टेप बघा. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटून ती सरकते आणि आऱ्याच्या भोकाची कड उघडी पडते. लॅटेक्स इतकं लवचिक की त्या भोकात फुगा होऊन घुसतं. आतून बोट फिरवून प्रत्येक भोक झाकलेलं आहे याची खात्री करा.

उन्हात उभी करू नका हे सगळे सांगतात, पण किती फरक पडतो ते आकड्यात बघा. ३० अंशांना ९० पीएसआय भरली आणि काळा टायर उन्हात ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब १०० च्या आसपास जातो. वर उष्णता, वर ताण, एकाच वेळी दोन्ही. बसस्टँडवर किंवा शेताच्या धुऱ्यावर सायकल लावताना चाकं सावलीत येतील अशी लावा.

आणि कार्बनच्या रिमला रिम ब्रेक असतील तर चिखलदऱ्याहून परतवाड्याच्या बाजूने उतरताना लॅटेक्स नको. लांब उतारावर ब्रेक दाबून धरला की कार्बन उष्णता बाहेर टाकत नाही, ती थेट ट्यूबवर येते. बऱ्याच रिम आणि ट्यूब बनवणाऱ्या कंपन्या हे स्पष्ट मनाई म्हणून लिहितात. डिस्क ब्रेकवाल्यांना हा प्रश्न नाही.

सीटखालच्या पिशवीतली जादा ट्यूब ब्यूटाइलचीच ठेवा. तिथे ऊन, साखळीचं तेल, पान्यांची टोकं, सगळं एकत्र असतं.

पैनगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. माजघरातली फळी ठरली, आणि एप्रिल-मे साठी कुंडी करून बघतो. चट्टे असलेली ट्यूब पंख्याखाली लावलीय, चट्टे फिके पडतायत. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. चिकट झालेली ट्यूब पावडर लावून एखाद-दोन राइडला वापरता येईल का? आणि ठेवलेली ट्यूब चढवण्याआधी तपासायची कशी?

चीक_ते_चाक

चिकट ट्यूब वापरू नका. पावडरने हाताला चिकटपणा जाणवत नाही एवढंच, तुटलेली साखळी जुळत नाही. पुढच्या चाकात ती फुटली तर हवा एका क्षणात जाते. ठिगळांसाठीही कापून ठेवू नका, ठिगळ त्याच रबराचं असणार.

तपासणी अशी करा. उजेडात ट्यूब दोन्ही हातांत धरून वीतभराचा तुकडा दुप्पट लांब होईल इतका ताणा आणि भिंगाने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने बघा. आडव्या बारीक रेघा दिसल्या की ट्यूब बाद. असं पूर्ण वेढाभर फिरवा, घडीच्या जागा दोनदा बघा. मग व्हॉल्व्हच्या बुडाचा जाड गोल अंगठ्याने चारी बाजूंनी मागे वाकवा. तिथे रंग बदललेला असेल किंवा कड सुटत असेल तर चढवू नका.

त्यानंतर टायरबाहेरच थोडी फुगवा, मूळ जाडीच्या दीडपट, त्याहून जास्त नको. पाण्याच्या टबात फिरवून बुडबुडे बघा. एखाद्या जागी ती बाकीच्यापेक्षा जास्त फुगत असेल, गळवासारखी, तर तिथली भिंत कमजोर झालेली आहे. बुडबुडा नसला तरी ती ट्यूब शर्यतीत नको. टब नसेल तर तशीच फुगवून बारा तास टांगून ठेवा. थोडी सैल पडणारच, पूर्ण पिचकली तर कुठेतरी गळती आहे.

वर्धाकाठ

आणि गळती सापडली तर गावातल्या पंक्चरच्या दुकानात गरम पॅच मारायला देऊ नका, एवढ्या पातळ लॅटेक्सला ती उष्णता लागली की भोकाभोवतीचं रबरच जातं. चिकटपट्टीसारखे तयार पॅचही टिकत नाहीत, कारण ट्यूब जेवढी ताणली जाते तेवढे ते ताणले जात नाहीत. दुसऱ्या कुठल्या चांगल्या पण काट्याने फाटलेल्या लॅटेक्स ट्यूबचे तीन सेंटिमीटर व्यासाचे गोल तुकडे कापून ठेवा, कोपरे नसलेले. दोन्ही बाजू बारीक सॅंडपेपरने हलक्या हाताने चमक जाईपर्यंतच घासा. दोन्हीकडे पंक्चरच्या सोल्युशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं थांबा. बोट लावल्यावर ओलं वाटत नाही पण पकडतं, तेव्हा ट्यूब किंचितही न ताणता तुकडा बसवा आणि चमच्याच्या पाठीने मधून बाहेर दाबत या. कडेला उरलेल्या सोल्युशनवर शंखजिरं भुरभुरा, नाहीतर ती जागा टायरला आतून चिकटते. सोल्युशनची ट्यूब त्या डब्यात ठेवू नका, तिच्या वाफेनेही लॅटेक्स फुगतं.